कोळसा संपला, गाव राहिले : स्वालबार्डमधील लाँगयरब्येनचे प्रकरण

जून २०२५ च्या अखेरीस स्वालबार्ड द्वीपसमूहातील सात क्रमांकाची खाण बंद झाली आणि नॉर्वेने तेथे शंभरहून अधिक वर्षे चालवलेले कोळशाचे उत्पादन थांबले. खाणीच्या आधाराने वसलेले गाव खाण बंद पडली की ओस पडते, हा जगभरचा अनुभव आहे. लाँगयरब्येन या गावाच्या बाबतीत मात्र तसे झालेले नाही. शेवटची खाण बंद होताना तेथे सुमारे अडीच हजार माणसे राहत होती आणि खाणकाम भरात असतानाही गावाची वस्ती यापेक्षा मोठी नव्हती. शेती नाही, झाडे नाहीत, मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता नाही, वर्षातील जवळपास चार महिने सूर्य दिसत नाही आणि ज्या उद्योगासाठी हे गाव वसवले तोही आता नाही. असे असताना हे गाव कशाच्या आधारावर उभे आहे आणि तेथे कोणी राहायचे हे कोण ठरवते, हा या प्रकरणाचा विषय आहे. लेखकाचे मत आरंभीच नोंदवतो. लाँगयरब्येनचे अर्थकारण हे गावाचे कारण कधीच पूर्णपणे नव्हते. ते नॉर्वेच्या तेथील उपस्थितीचे साधन होते. साधन बदलले की त्याच्यामागून येणारी माणसेही बदलतात, आणि ओस्लोतील सरकारची आजची अडचण नेमकी तेथे आहे.

भूमी

स्वालबार्ड उत्तरेला ७४ ते ८१ अंश अक्षांशांच्या दरम्यान, नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर आहे. एकूण क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढे आहे. त्यातील सुमारे ६० टक्के जमीन हिमनद्यांखाली आहे. स्पिट्सबर्गन हे सर्वांत मोठे बेट आहे आणि कायमच्या मानवी वस्त्या जवळजवळ सगळ्या त्याच बेटाच्या पश्चिम बाजूला आहेत. याचे कारण समुद्रात आहे. अटलांटिकमधून उत्तरेकडे वाहत येणाऱ्या उबदार प्रवाहाची एक शाखा या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून जाते. त्यामुळे याच अक्षांशावरील ग्रीनलंड किंवा कॅनडाच्या बेटांच्या तुलनेत येथील हिवाळा सौम्य असतो आणि जहाजांना वर्षातील बराच काळ किनाऱ्यापर्यंत पोहोचता येते. पूर्वेकडील बेटांना हा लाभ मिळत नाही, म्हणून ती आजही बर्फाच्या आणि अस्वलांच्या ताब्यात आहेत.

पाऊस आणि हिमवर्षाव मिळून लाँगयरब्येनच्या विमानतळावर वर्षाकाठी साधारण २०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्याकडील माण किंवा आटपाडीसारखे अवर्षणप्रवण तालुकेही यापेक्षा जास्त पाऊस पाहतात. तरीही दऱ्यांमध्ये उन्हाळ्यात दलदल होते, कारण जमीन काही मीटर नव्हे तर शेकडो मीटर खोलपर्यंत कायम गोठलेली असते. वरचा एखादा मीटरभर थर उन्हाळ्यात वितळतो, पण त्यातील पाण्याला खाली मुरायला वाट मिळत नाही. घरे खांबांवर उभारलेली असतात, कारण घराची उब जमिनीला लागली तर पाया खचतो. पाण्याच्या आणि गरम पाण्याने घरे तापवण्याच्या वाहिन्या याच कारणाने जमिनीवरून जातात.

सूर्य ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात क्षितिजाखाली जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर क्षितिजावर येतो. गाव डोंगरांच्या मधल्या दरीत असल्यामुळे प्रत्यक्ष ऊन गावात पोहोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या रुग्णालयाच्या जागी उरलेल्या पायऱ्यांजवळ सगळे गाव जमते आणि पायऱ्यांवर ऊन पडण्याची वाट पाहते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत तो मावळतच नाही.

करार

स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीत, ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. ग्रीनलंडमध्ये इनुइट आहेत, नॉर्वेच्या उत्तरेला सामी आहेत. येथे मात्र विलेम बॅरेन्ट्स या डच दर्यावर्दीने १५९६ मध्ये बेटांची नोंद करून त्यांना 'टोकदार डोंगर' या अर्थाचे स्पिट्सबर्गन हे नाव दिले, तेव्हा कोणीही राहत नव्हते. पुढे सतराव्या शतकात व्हेलच्या तेलासाठी डच, इंग्रज आणि इतर आले. नंतर रशियाच्या श्वेतसमुद्राच्या काठचे शिकारी आले, मग नॉर्वेचे शिकारी आले. प्रत्येकाने जे मिळाले ते नेले. मालकीचे दावे अधूनमधून झाले, पण कोणाचीही सत्ता तेथे बसली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाच्या शोधाने मात्र जमीन कोणाची हा प्रश्न उभा केला, कारण व्हेल पोहून जातो, खाण जागची हलत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० रोजी झालेल्या कराराने हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला. बेटांवर 'संपूर्ण आणि निरपवाद' सार्वभौमत्व नॉर्वेला मिळाले. त्याच्या बदल्यात करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे जाण्यायेण्याचे, मासेमारी व शिकारीचे आणि खाणकाम, व्यापार व उद्योग करण्याचे समान अधिकार नॉर्वेला मान्य करावे लागले. तेथे गोळा केलेला कर तेथेच खर्च करायचा, नौदलाचा तळ उभारायचा नाही आणि बेटांचा वापर युद्धासाठी करायचा नाही, ही बंधनेही आली. करार १४ ऑगस्ट १९२५ रोजी अमलात आला. सोव्हिएत संघ १९३५ मध्ये त्यात सामील झाला. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने झालेल्या सह्यांमध्ये भारताचीही सही होती. म्हणजे स्वातंत्र्याच्या सत्तावीस वर्षे आधी, आणि कोणा भारतीयाने मागणी केलेली नसताना, भारत आर्क्टिकमधील एका कराराचा पक्षकार झाला. तो आजही आहे.

या रचनेतील अंतर्विरोध लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. मालक नॉर्वे आहे, पण त्याला आपल्या माणसाला झुकते माप देता येत नाही. अशा मालकीला सतत हजेरीचा आधार लागतो. शाळा, रुग्णालय, पोलीस, टपाल आणि नॉर्वेजियन बोलणारी कुटुंबे तेथे असली पाहिजेत, नाहीतर सार्वभौमत्व कागदापुरते उरते. नॉर्वेची संसद दर काही वर्षांनी स्वालबार्डविषयीच्या धोरणपत्रावर चर्चा करते. अशी पत्रे २०१६ आणि २०२४ मध्येही आली. सार्वभौमत्वाची ठाम अंमलबजावणी, कराराचे पालन, शांतता, निसर्गाचे जतन आणि नॉर्वेजियन वस्त्यांचे टिकणे ही त्यातील उद्दिष्टे वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत येतात. गाव नफ्यात चालावे असे त्यांत कोठेही नाही.

कंपनीचे गाव

जॉन मन्रो लाँगयर हा अमेरिकेतील खाणव्यावसायिक १९०१ मध्ये येथे प्रथम आला तो कुटुंबासह सहलीच्या जहाजाने. ज्या माणसाच्या नावाने हे खाणगाव ओळखले जाते तो मुळात पर्यटक म्हणून आला होता, हे आज वाचताना गंमतीचे वाटते. त्याच्या आर्क्टिक कोल कंपनीने १९०६ पासून काम सुरू केले आणि १९१६ मध्ये 'स्टोर नॉर्स्के' या नॉर्वेजियन कंपनीला खाणी विकल्या. पुढील सत्तर वर्षे गाव आणि कंपनी यांत फरक नव्हता. घरे, दुकान, दवाखाना, खानावळ सगळे कंपनीचे होते. कंपनीच्या स्वतःच्या छापील नोटाही अनेक दशके गावात चालत असत. अधिकारी आणि कामगार दरीच्या वेगवेगळ्या भागांत राहत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, सगळे रहिवासी हलवले गेले आणि कोळशाचे साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पेटवून देण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी तोफांचा मारा करून उरलेले गाव बेचिराख केले. युद्धानंतर ते पुन्हा बांधले गेले. कंपनी पुढे तोट्यात गेली तेव्हा १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, कारण ती बंद पडली असती तर गावही गेले असते. लाँगयरब्येनचा विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. त्याआधी समुद्र गोठला की गाव महिनोन्महिने जगापासून तुटलेले असे. सरकारी अनुदान किती जाते, हा हिशेब त्या काळात कोणी फार काटेकोरपणे मांडला नाही, कारण समोर बॅरेन्ट्सबर्ग आणि पिरामिडेन या सोव्हिएत खाणवस्त्या होत्या आणि १९९० च्या सुमारास तेथील लोकसंख्या नॉर्वेजियन लोकसंख्येच्या दुपटीच्या घरात होती. दोन्ही बाजू कोळसा काढत होत्या, पण दोन्हीकडे खरी मोजदाद माणसांची होती.

खाणकामाची किंमत माणसांनी चुकवली. नी-ऑलेसुंड येथे ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार मरण पावले. ती खाण कायमची बंद झाली आणि अपघाताच्या चौकशीवरून उठलेल्या वादळात पुढील वर्षी नॉर्वेचे गेरहार्डसेन सरकार अविश्वास ठरावाने पडले. रशियन बाजूचा सर्वांत मोठा आघात खाणीत नव्हे तर हवेत झाला. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून येणारे विमान लाँगयरब्येनजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील १४१ जण मेले. बहुतेक जण खाणकामगार आणि त्यांचे कुटुंबीय होते. दोन वर्षांत पिरामिडेन बंद झाले. गाव सोडताना तेथील माणसांनी जशी ठेवली तशी अनेक घरे आजही उभी आहेत.

नॉर्वेजियन कोळशाचा शेवटचा बहर लाँगयरब्येनच्या दक्षिणेकडील स्वेआ येथे आला. तेथील नव्या खाणीतून २००७ मध्ये सुमारे ४० लाख टन कोळसा निघाला. कामगार विमानाने जाऊन पाळी करत आणि परत येत. मग जगभर कोळशाचे भाव घसरले. शेजारच्या लुंकेफ्येल या डोंगरातील नवी खाण २०१४ मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी काम थांबवावे लागले. २०१७ मध्ये सरकारने स्वेआ कायमची बंद करण्याचे ठरवले आणि नंतर अब्जाहून अधिक क्रोनर खर्चून ती वस्ती, रस्ते आणि धावपट्टीसकट, निसर्गाला परत केली. सात क्रमांकाची खाण तेवढी राहिली, तीही मुख्यतः गावाच्या औष्णिक वीजकेंद्राला कोळसा पुरवण्यासाठी आणि उरलेला जर्मनीतील उद्योगांना विकण्यासाठी. ती २०२३ मध्ये बंद व्हायची होती. युक्रेनमधील युद्धामुळे युरोपात ऊर्जेची टंचाई झाली म्हणून तिला दोन वर्षे जास्त मिळाली.

वीजकेंद्र मात्र ठरल्याप्रमाणे ऑक्टोबर २०२३ मध्ये कोळशावरून डिझेलवर गेले. नॉर्वेतील ते कोळशावर चालणारे एकमेव केंद्र होते, त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णयाचे स्वागत झाले. गावकऱ्यांच्या दृष्टीने चित्र वेगळे होते. पंधरा किलोमीटरवरून ट्रकने येणाऱ्या इंधनाऐवजी जहाजाने आणलेले इंधन आले आणि वीज व उष्णतेची बिले फुगली. सौर आणि पवन ऊर्जेचे प्रयोग सुरू आहेत. जुन्या ईसफ्योर्ड रेडिओ केंद्रावर सौरपट्ट्या बसवण्याचे काम ज्या कंपनीने केले ती 'स्टोर नॉर्स्के' हीच होय. परंतु ज्या जागी वर्षातील चार महिने सूर्य उगवत नाही तेथे सौर ऊर्जेवर गाव चालवण्याची मर्यादा शाळकरी मुलालाही कळेल.

कोळशाच्या जागी काय आले

१९९० नंतर सरकारने जाणीवपूर्वक तीन पाय बसवले : संशोधन व शिक्षण, अवकाश संपर्क आणि पर्यटन. तिन्ही पायांची लांबी सारखी नाही.

स्वालबार्डचे विद्यापीठ केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले. हिमनदीशास्त्र, भूशास्त्र आणि आर्क्टिक जीवशास्त्र शिकवताना प्रयोगशाळा दाराबाहेरच असते, हा त्याचा मोठा फायदा. विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात बंदूक चालवण्याचे आणि हिमभेगेतून माणूस वर काढण्याचे शिक्षण घ्यावे लागते. वस्तीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ अस्वलापासून संरक्षणाचे साधन असणे येथे बंधनकारक आहे.

अवकाश संपर्काचा पाय तांत्रिक आहे आणि त्याची किंमत अक्षांशाने ठरते. ध्रुवावरून जाणारे उपग्रह पृथ्वीभोवती दिवसाला चौदा फेऱ्या मारतात. विषुववृत्ताजवळच्या केंद्राला त्यातील दोन-चार फेऱ्याच दिसतात. गावाच्या वरच्या पठारावर १९९७ पासून असलेल्या स्वालसॅट केंद्राला मात्र सर्व फेऱ्या दिसतात. हवामान आणि पृथ्वी निरीक्षणाचे उपग्रह आपली माहिती येथे उतरवतात. ती मुख्य भूमीवर पोहोचवण्यासाठी समुद्रतळावरून टाकलेल्या दोन प्रकाशतंतू वाहिन्या २००४ मध्ये सुरू झाल्या. त्यातील एक जानेवारी २०२२ मध्ये तुटली. दुसरी शाबूत होती म्हणून गाव आणि उपग्रहांची सेवा दोन्ही चालू राहिले, पण एका वाहिनीवर केवढा डोलारा उभा आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले.

पर्यटन हा तिसरा पाय, आणि तोच सर्वांत जास्त माणसे आणतो. उन्हाळ्यात प्रवासी जहाजे, वसंतात स्नोमोबाइल व कुत्र्यांच्या गाड्या, हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश. कोळशाची जागा पर्यटनाने घेतली असे सहजपणे म्हटले जाते, पण दोन्ही उद्योग एकमेकांची जागा घेऊ शकतील असे नाहीत. खाणीतील नोकरी चांगल्या पगाराची, बारमाही आणि नॉर्वेच्या कामगार संघटनेच्या करारात बसणारी होती. ती करणारा कुटुंब घेऊन येई, मुले शाळेत घाली. पर्यटनातील बरीचशी नोकरी हंगामी असते आणि ती करायला तरुण परदेशी येतात. उद्योग बदलल्याबरोबर गावाचे लोक बदलले ते असे.

निसर्गाचाही हिशेब आहे. द्वीपसमूहाच्या सुमारे ६५ टक्के भूभागाला संरक्षण आहे आणि १९७३ पासून अस्वलाच्या शिकारीवर बंदी आहे. जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून जास्त प्रवासी घेऊन जहाजाला जाता येत नाही आणि उतरण्याच्या जागाही ठरवून दिल्या आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. पर्यटन व्यावसायिकांनी यावर बरीच कुरकुर केली. एका हाताने पर्यटनाला बोलावायचे आणि दुसऱ्या हाताने दार अडवायचे, ही त्यांची तक्रार अगदी निराधार म्हणता येत नाही.

कोण राहतो

लाँगयरब्येनमध्ये पन्नासहून अधिक देशांचे लोक राहतात आणि रहिवाशांतील एक तृतीयांशाहून अधिक परदेशी आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होते. थायलंड आणि फिलिपिन्समधील लोक परदेशी रहिवाशांत ठळकपणे दिसतात. स्वच्छता, हॉटेल, स्वयंपाकघर आणि दुकानांतील कामांवर त्यांची पकड आहे. गावातल्या दुकानात थाय पद्धतीचे मसाले सहज मिळतात.

हे शक्य होते कारण नॉर्वेचा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा स्वालबार्डला लागू नाही. येथे राहायला व्हिसा लागत नाही, कामाचा परवाना लागत नाही. भारतीय माणसालाही नाही. अर्थात ओस्लो किंवा ट्रॉम्सोमार्गेच जावे लागते, त्यामुळे येताना आणि परतताना शेंगेन व्हिसाची गरज पडते, ही मेख ध्यानात ठेवायला हवी. मिळकतीवरील कर कमी आहे आणि मूल्यवर्धित कर मुळीच नाही. हे ऐकून स्वर्ग वाटेल. पण कल्याणकारी राज्याची जी छत्री नॉर्वेच्या नागरिकाला मुख्य भूमीवर मिळते ती येथे उघडत नाही. जो स्वतःचा खर्च भागवू शकत नाही त्याला 'सिसेलमेस्टर' परत पाठवू शकतो. या पदाला राज्यपाल म्हणण्याची पद्धत आहे, पण आपल्या राजभवनाशी त्याचा संबंध जोडू नये. कामाच्या दृष्टीने तो आपल्याकडील जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांचा एकत्र अवतार आहे.

गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावे लागते, कारण येथील रुग्णालय तातडीच्या उपचारांपुरते आहे. वृद्धाश्रम नाही आणि शेवटच्या आजारातील शुश्रूषेची सोय नाही. जगभरच्या माध्यमांत 'या गावात मरायला बंदी आहे' अशी बातमी अधूनमधून फिरते. ती खोटी आहे. असा कोणताही कायदा नाही. शवपेटीतून दफन मात्र १९५० च्या सुमारास थांबवण्यात आले, कारण गोठलेल्या जमिनीत प्रेत कुजत नाही आणि जमीन गोठताना-वितळताना पेटी वर ढकलली जाते. अस्थिकलशाला परवानगी मिळते. जमीन किती जपून ठेवते याचा पुरावाच १९९८ मध्ये शोधला गेला. संशोधकांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत मरण पावलेल्या सात तरुण कामगारांच्या कबरी विषाणूचा अंश मिळेल या आशेने उकरल्या. गावात मांजर पाळायला बंदी आहे, ती पक्ष्यांसाठी. घरात किंवा हॉटेलात शिरताना पादत्राणे दाराशी काढण्याची पद्धत मात्र कोळशाच्या काजळीपासून आली आणि कोळसा गेल्यावरही राहिली. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सरकारपुढचा पेच असा आहे : करारामुळे परदेशीयांना रोखता येत नाही आणि उपस्थिती हवी ती नॉर्वेजियनांची. म्हणून रोखण्याऐवजी घडण बदलणाऱ्या साधनांचा वापर झाला. पहिले साधन जमीन. गावाची जमीन सरकारची आहे आणि घरे बहुतेक सरकारची किंवा नोकरी देणाऱ्या मालकांची आहेत, त्यामुळे नोकरी गेली की घरही जाते. आद्व्हेन्टफ्योर्डच्या पूर्वेकडील खासगी मालमत्ता सरकारने २०१६ मध्ये विकत घेतली. द्वीपसमूहातील उरलेली शेवटची मोठी खासगी जमीन २०२४ मध्ये विक्रीला निघाली तेव्हा सरकारच्या परवानगीशिवाय विक्री होणार नाही, असा आदेश काढून व्यवहार रोखण्यात आला. दुसरे साधन मतदान. लाँगयरब्येनला २००२ पासून निवडून आलेली स्थानिक परिषद आहे. तेथील परदेशी रहिवाशांना पूर्वी काही वर्षांच्या वास्तव्यानंतर मत देता येई. २०२२ मध्ये नियम बदलला. आता नॉर्वेच्या नागरिक नसलेल्याला मत द्यायचे असेल तर तो आधी किमान तीन वर्षे मुख्य भूमीवर राहिलेला असला पाहिजे. अनेक वर्षे तेथे राहिलेल्या शेकडो जणांचा मताधिकार यामुळे गेला आणि ऑक्टोबर २०२३ ची निवडणूक त्यांच्याविना झाली. सरकारचे म्हणणे असे की मुख्य भूमीच्या पैशावर चालणाऱ्या गावाचे निर्णय मुख्य भूमीशी नाते असणाऱ्यांनी घ्यावेत. या युक्तिवादात तर्क आहे, पण त्याच गावातील हॉटेले आणि कार्यालये झाडणाऱ्या माणसाला मत नाकारताना तर्काच्या पलीकडे काही उरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. करार समान अधिकार सांगतो तो धंद्यापुरता, गावाच्या कारभारापुरता नाही. नॉर्वेचे सर्व डावपेच या फटीत बसतात.

समुद्राच्या बाबतीतही असेच झाले. बर्फ-खेकडा पकडण्याच्या हक्कावरून युरोपीय जहाजांशी झालेल्या वादात नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये निकाल दिला की कराराचे समान अधिकार प्रादेशिक समुद्राबाहेरील खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यापुढे पाण्याखाली पसरलेल्या भूभागावर, लागू होत नाहीत. बर्फ मागे सरेल तसे तेथील तेल आणि मासे यांचे मोल वाढत जाईल, हे निकाल देणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक होते.

जमीन सरकते आहे

येथील तापमान १९७१ ते २०१७ या काळात ३ ते ५ अंशांनी वाढले. पश्चिम किनाऱ्यावरील अनेक खाड्या पूर्वी हिवाळ्यात भरवशाने गोठत, आता गोठत नाहीत. २५ जुलै २०२० रोजी विमानतळावर २१.७ अंश तापमान नोंदवले गेले आणि त्याच उन्हाळ्यात हिमनदीचे वितळलेले पाणी सात क्रमांकाच्या खाणीत शिरून काम बंद पडले. कोळशाने तापवलेले हवामान कोळशाच्या खाणीलाच बुडवते, या योगायोगावर कोणीही टाळी द्यावी असे वाटेल. खाणीतल्या कामगारांना तसे वाटले नसणार.

१९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी गावाशेजारच्या डोंगरावरून हिमलोट आला. त्यात ११ घरे उद्ध्वस्त झाली आणि दोघांचा जीव गेला. दुसरा हिमलोट फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. त्यानंतर डोंगरपायथ्याची शंभराहून अधिक घरे रिकामी करून पाडण्यात आली, उतारावर कुंपणे बसवली गेली आणि नवी घरे अधिक खोल गाडलेल्या खांबांवर बांधण्यात आली. आधीच घरांची टंचाई असलेल्या गावात याचा परिणाम सर्वांत आधी भाडेकरूंना जाणवला.

जगभरच्या बियाण्यांचा राखीव साठा जेथे आहे ती गावाजवळची तिजोरी २६ फेब्रुवारी २००८ रोजी उघडली. गोठलेला डोंगर हाच नैसर्गिक शीतगृह, अशी कल्पना होती. २०१६ च्या उष्ण आणि पावसाळी शरद ऋतूत प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाण्यांपर्यंत ते पोहोचले नाही, पण बोगदा नव्याने बांधावा लागला. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळील बियाणे संस्थेने २०१५ मध्ये आपला साठा येथून परत मागवला, तेव्हा या तिजोरीचा पहिला खरा उपयोग झाला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांचे वाण येथे ठेवले आहेत. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतात जे उगवते त्याचा एक हिस्सा ७८ अंश उत्तरेला उणे १८ अंशांत पडून आहे.

गोव्याहून नी-ऑलेसुंडपर्यंत

लाँगयरब्येनच्या वायव्येला नी-ऑलेसुंड येथे १९६२ च्या अपघातानंतर खाणीचे रूपांतर हळूहळू संशोधन वस्तीत झाले. हिवाळ्यात तेथे तीस-चाळीस माणसे असतात. संवेदनशील मापन यंत्रांसाठी परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. १ जुलै २००८ रोजी भारताने तेथे 'हिमाद्री' हे केंद्र सुरू केले. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डच्या खोल पाण्यात 'इंडआर्क' ही निरीक्षण साखळी उतरवली गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम निघाली. आर्क्टिकचे तापणे आणि मोसमी पाऊस यांत काही नाते आहे का, हा भारतीय संशोधकांचा मुख्य प्रश्न आहे. कोकणकिनाऱ्यावरून निघणाऱ्या मोहिमेला तो साहजिकच पडणार.

येथेही नॉर्वेचे धोरण तेच आहे. निरनिराळ्या देशांची 'राष्ट्रीय केंद्रे' म्हणून ही वस्ती ओळखली जाऊ नये, ती नॉर्वेच्या यजमानपदाखालील सामाईक संशोधन गाव म्हणून ओळखली जावी, असा आग्रह २०१९ च्या संशोधन धोरणात आहे. पाहुण्यांना जागा, यंत्रे आणि जेवण सगळे मिळते, पण घर कोणाचे हे स्पष्ट राहते.

लाँगयरब्येनच्या पश्चिमेला बॅरेन्ट्सबर्ग आहे. १९३० च्या दशकापासून ती वस्ती आर्क्टिकुगोल या रशियन सरकारी संस्थेकडे आहे. युक्रेनमधील युद्धानंतर लाँगयरब्येनच्या पर्यटन व्यवसायाने तिच्याशी संबंध तोडले आणि आता काहीशे माणसे तेथे उरली आहेत. त्यांत बरेच पूर्व युक्रेनमधील दोन्बास या कोळशाच्या भागातून आलेले खाणकामगार आहेत. जून २०२५ नंतर संपूर्ण स्वालबार्डमध्ये कोळसा निघतो तो फक्त तेथून, आणि त्याचा हिशेब नफातोट्याच्या वहीत मांडला जात नाही.